कोपऱ्यातलं मशीन

सून : बाबा, सगळे खाली हॉलमध्ये गेले. डेकवर आपण दोघंच उरलोय.

सासरे : उरू दे की. वारा बरा आहे इथे.

सून : वारा घरच्या गच्चीवरही होता. कॅसिनोच्या जहाजावर येऊन वारा खात बसणारे तुम्हीच एक!

सासरे : तिकीट तू काढलंस. मी मागितलं नव्हतं.

सून : आई गेल्यापासून तुम्ही घराबाहेर पडला नाहीत, म्हणून काढलं. म्हटलं, दोघं हौसेनं यायचात इथे, संध्याकाळपर्यंत जरा बरं वाटेल.

सासरे : हौस तिची. ती आली की आधी जिना उतरायची. मी आपला इथेच, या खुर्चीवर. जन्मभर बस चालवली मी. ब्रेक नसलेल्या गाडीत अंग सैल सोडून बसणं आपल्याला जमत नाही.

सून : आणि आई खाली एकट्याच खेळायच्या?

सासरे : खेळायची कसली! खांबाआड, कोपऱ्यात एक मशीन आहे. तिकडे कुणी फिरकत नाही. हिला त्याची दया यायची. "बिचाऱ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही," म्हणायची आणि नेमकी तिथेच जाऊन बसायची. किनारा लांब गेल्याशिवाय मशीनं सुरू करत नाहीत. तोवर हिच्या गप्पा.

सून : मशीनशी?

सासरे : मशीनशी, नाहीतर काउंटरवालीशी. गप्प बसणं तिला ठाऊक होतं का?

सून : मग चला ना, मला दाखवा ते मशीन.

सासरे : नको.

सून : का पण?

सासरे : ती काउंटरवाली विचारेल, मावशी कुठे आहेत म्हणून.

सून : विचारलं तर सांगू.

सासरे : तेच नकोय मला. गल्लीत, बँकेत, दूधवाल्याला, सगळ्यांना कळून चुकलंय. या जहाजावर तेवढं कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या लेखी ती अजून आहे. असू दे की एका ठिकाणी तरी.

सून : बरं. नाही सांगायचं. मीही तोंड उघडणार नाही. पण खाली चला, मला इथे मळमळतंय.

सासरे : खरंच, का नाटक?

सून : अर्धं अर्धं.

सासरे : चल. कठडा धर. पायऱ्या ओल्या आहेत.

(खाली, हॉलमधल्या काउंटरपाशी.)

काउंटरवाली : अगंबाई, ड्रायव्हरकाका! तुम्ही आणि खाली? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं. मावशी कुठे आहेत?

सासरे : ती... ती नाही आली आज. गुडघा धरलाय तिचा.

काउंटरवाली : तरी मी सांगत होते, शेकत जा म्हणून. ऐकतील तर शपथ! आणि या कोण?

सासरे : ही माझी सून.

काउंटरवाली : तुम्हीच का त्या! मावशी सांगायच्या, सून माझी लाखात एक आहे, फक्त चहात साखर जास्त घालते.

सून : मला कधी बोलल्या नाहीत.

काउंटरवाली : चहाचं?

सून : चहाचं रोज बोलायच्या. लाखाचं कधीच नाही.

काउंटरवाली : थांबा हं काका, जाऊ नका. मावशींची एक वस्तू आहे माझ्याकडे. मागच्या वेळी मशीनवरच विसरून गेल्या होत्या. हा घ्या चष्मा.

सासरे : हा... हा इथे होता?

काउंटरवाली : खणात जपून ठेवला होता. खोळंबा झाला असेल ना त्यांचा?

सासरे : खोळंबा? अगं, घर उलथंपालथं केलं मी. कपाटं सरकवली. आणि ही एकच पालुपद धरून बसलेली, तुम्हीच हरवलात, कबूल करा. दवाखान्यातसुद्धा तेच. शेवटी म्हटलं, बरं बाई, मीच हरवला. तेव्हा कुठे हसली.

सून : बाबा, बसा जरा.

काउंटरवाली : दवाखान्यात? गुडघ्यासाठी ठेवलं होतं का मावशींना?

सून : ताई, त्यांना पाणी देता का थोडं?

सासरे : थांब गं. मला बोलू दे. पोरी, गुडघ्याचं मी खोटं सांगितलं तुला. मागच्या वेळी इथून गेलो आणि ती आजारी पडली. त्यातून उठली नाही.

काउंटरवाली : काका...

सासरे : सांगणार नव्हतो. पण तू तिचा चष्मा असा सांभाळलास. तुझ्याशी खोटं बोलवेना.

काउंटरवाली : अधूनमधून पुसायचे मी काचा. म्हटलं, आल्या की धुरकट नको द्यायला.

सासरे : रडू नकोस. तू रडलीस तर माझं अवघड होईल.

काउंटरवाली : नाही रडत. हे बघा, किनारा मागे पडला. मशीनं सुरू होतील आता.

सासरे : त्या कोपऱ्यातल्या मशीनवर कुणी बसलंय का?

काउंटरवाली : तिथे कोण बसतंय!

सासरे : सूनबाई, दोन खुर्च्या ओढ तिकडे.

सून : तुम्ही खेळणार?

सासरे : छे गं. बसू त्याच्यापाशी थोडा वेळ. त्यालाही अजून कुणी सांगितलेलं नाही.