सगळ्या कडा वाकव!

कॉम्प्युटरवर बसायचं काम म्हणजे आराम, असं परत कुणी म्हणलं तर बघा! वाळूजला आमच्या वर्कशॉपमधं पत्र्याच्या पेट्या बनतात. परवा गिऱ्हाइकाकडून एका उघड्या पेटीचं मॉडेल आलं, सॉलिड. कुठं जोड नाही, कुठं फट नाही, जणू साबणाची वडी. ते मला शीट मेटलमधं बदलायचं होतं, म्हणजे पत्रा कुठं वाकवायचा आणि कुठं कापायचा ते ठरवायचं. मी चारही उभ्या कडा कापायला घेतल्या. कापलं की तिथं नंतर वेल्डिंग आलंच.

मालक चहा पीत पाठीमागं उभे. "कापतो कशाला? सगळ्या कडा वाकव."

"साहेब, मग पत्रा सपाट उलगडतच नाय."

"येत नसंल तर तसं सांग. बटण दाबलं की होतं म्हणं."

माझं डोकंच फिरलं. "हे घ्या बटण, तुम्हीच दाबा!"

दाबलं. लालभडक एरर आला. तर म्हणतात, "सॉफ्टवेअरच बोगस आहे."

वरून आणखी टेबलावरचा मिठाईचा रिकामा खोका उचलला, शहागंजातून आणलेला. "हे बघ, एकाच पुठ्ठ्याचा आहे. कुठं कापलाय?" असं म्हणत मोठ्या तोऱ्यात उलगडला. चारही कोपऱ्यांत काप!

मी म्हणलं, "बोला आता."

तर खोका आपटून माझ्यावरच डाफरले, "मिठाईवाल्यानं गिऱ्हाइकाला लिहून दिलंय का, कुठंच वेल्डिंग नसंल म्हणून? मी दिलंय!"