तांबड्या गादीची दमणी

जबाब घेतल्याची तारीख १९ नोव्हेंबर १९६४, वार गुरुवार, दुपारी अडीच वाजता.

नाव मैनाबाई बेवा सूर्यभान गावंडे, वय अंदाजे पंचावन्न वर्षे, धंदा शेतमजुरी व कापूस वेचणी, राहणार मौजे हिवरखेडी, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला.

मी आज आपल्या पायाने मूर्तिजापूरच्या ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. माझा नवरा अकरा वर्षांपूर्वी वारला. मी पुंजाराम पाटील यांच्या शेतात वेचणीला जाते व गावातल्या चाळीसएक बाया सोबत नेते. माझ्यासोबत देवमन तायडे हजर आहे. तो मूर्तिजापूरला मालधक्क्यावर हमाली करतो. त्याची बायको पंचफुला, वय तीस, ही परवा मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास गेली ती अद्याप परत आलेली नाही. तिला जाताना शेवटची मी पाहिली.

आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. मालकाच्या घरचा दहीभात शेतात येतो, सगळ्यात वयस्क बाई कपाशीच्या झाडाला त्याचा घास लावते, मग स्वतः खाते. आमच्या गावची रीत अशी की मालकाने त्या वेळी मजुरीचा दर बोलायचा व त्या बाईने घास तोंडात घातला की तो दर हंगामभर सगळ्यांना कबूल. गेली नऊ वर्षे तो घास मी खाते. पंचफुला व तिच्या वस्तीतल्या बाया बौद्ध झाल्यापासून हा विधी करत नाहीत. त्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, थांबतात आणि नंतर ओळीला लागतात. सुरुवातीला कुरकुर झाली होती, पुढे सवय झाली.

ता. १२ रोजी, गुरुवारी, पाटलांनी बाईला बारा आणे रोज असे सांगितले. मी घास हातात घेतला होता. तेवढ्यात पंचफुला धुऱ्यावरून बोलली की, "मावशी, थांबा जरा. मंगळवारी मूर्तिजापूरले समिती बसून राहिली. मजुरीचा दर किती पायजे, ते लोकायले इचारनार हाये. ते ऐकल्याबिगर खाऊ नका." ही समिती सरकारने नेमलेली आहे व ती रेस्टहाउसवर बसणार हे देवमनने तिला सांगितले होते. बायांची मागणी सव्वा रुपयाची होती. एकेचाळीस बायांनी एका कागदावर अंगठे केले होते. त्यात माझाही आहे.

खरे सांगायचे तर मी सुरुवातीला सव्वा रुपयाच्या विरुद्ध होते. जास्त मागितले तर पाटील परगावच्या बाया आणतील अशी मला भीती होती आणि तसे मी पंचफुलाला दहादा बोलले. ती म्हणाली, "त्या बायायले बी पोट हाये, मावशी. त्या बी सव्वाच मागतीन." तिचे खरे होते, म्हणूनच मला तिचा रागही आला होता.

त्या दिवशी पाटील चिडले नाहीत. ते म्हणाले, "सरकारले काय, बसल्या जागी दर सांगता येते. कापसाचा भाव पडला त सरकार येते काय माह्या दारी?" हे त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पंचफुलाने त्यांना सांगितले, "समिती तुमाले बी इचारते, आमाले बी इचारते. तुमी तुमचं सांगा पाटील, आमी आमचं सांगतो." तेव्हा पाटील हसले आणि म्हणाले, "तुले मूर्तिजापूरचा रस्ता तरी माईत हाये काय, पंचफुले?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. मी घास खाल्ला नाही, पानावर परत ठेवला. नऊ वर्षांत असे प्रथमच झाले.

ता. १७ रोजी, मंगळवारी, मी व पंचफुला दोघींनी छोट्या गाडीने, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेने, मूर्तिजापूरला जायचे ठरले होते. पहाटे पाटलांचा निरोप आला की पाटील दर वाढवायला तयार आहेत, आज पुन्हा सीतादही आहे, मैनाबाईने शेतात यावे. मी पंचफुलाला म्हटले, तू जा, मी इकडचे पाहते. एकाच दिवशी दोन्हीकडे काम होईल असे मला वाटले. मी तिला पोचवायला गाडीच्या थांब्यापर्यंत गेले.

गाडी यायची होती. तेवढ्यात पाटलांची दमणी थांब्यावर आली. दमणी म्हणजे त्यांची बसायची हलकी गाडी. तिला छप्पर, पडदा व आत तांबडी गादी आहे. त्यात पाटलीणबाई माहेरी जातात. गावातली मजूर बाई त्यात कधी बसलेली नाही. तायड्यांच्या वस्तीकडे तर ती दमणी कधी वळलीही नव्हती. श्रावण हा पाटलांचा धुरकरी, म्हणजे गाडी हाकणारा, एकटाच होता. तो म्हणाला की, "पाटलानं धाडली. म्हनते, गावची बाई समितीपुढं चालली, मानानं गेली पायजे."

पंचफुला नाही म्हणाली. "मी छोट्या गाडीनंच जातो," असे ती दोनदा म्हणाली.

मी तिला बसवले. मी तिला म्हणाले, "पोरी, मान देऊन राहिले त घ्यावं. आपल्या सात पिढ्यायत कोनी बसलं हाये काय दमनीत?" मला आनंद झाला होता. पाटील नरमले, दरही वाढतो आहे आणि वर दमणी, असे मला वाटले. तिने चढताना पदराची गाठ सोडली व अंगठ्यांचा कागद माझ्या हातात दिला. ती म्हणाली, "हा तुमच्यापाशी राहू द्या. मले तोंडपाठ हाये." मी विचारले, कावून. ती आत सरकून बसली. श्रावणने पडदा पाडला.

मला घड्याळ कळत नाही. दमणी निघाली त्यानंतर चिलीम ओढून होईल एवढ्या वेळात आठची छोटी गाडी आली व गेली. मी तिथून शेतात गेले. पाटलांनी चौदा आणे सांगितले. मी घास खाल्ला. तो घास मी खायला नको होता. मला ते लिहून पाहिजे.

भात खाऊन हात धुत होतो तेव्हा दमणी परत आली. त्याच वेळी शाळेची साडेदहाची घंटा झाली. मूर्तिजापूर आमच्या गावाहून चार कोस आहे. कितीही पळवले तरी जाऊन-येऊन दुपार टळते. मी श्रावणला विचारले, "पोचवली काय?" तो खाली पाहून "पोचवली" म्हणाला. "एवढ्या लवकर?" तर म्हणाला, "बैल चांगले हायेत."

बैलांना घाम नव्हता. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत ओल्या काळ्या चिखलात भरले होते व चाकालाही तोच चिखल होता. मूर्तिजापूरचा रस्ता मुरमाचा आहे, तो या दिवसांत कोरडा असतो. ओला चिखल फक्त पाटलांच्या खालच्या वावरापलीकडे, डोहाकाठी आहे. तिकडे मूर्तिजापूर नाही, काहीच नाही. दमणीतली तांबडी गादी नव्हती.

जबाब लिहिणाऱ्या जमादारांनी विचारले की, एवढे बारीक तुम्हाला कसे दिसले. मी सांगितले की चाळीस वर्षे मी कापसातली काडी-पत्ती निवडते, मला बैलाच्या पायाचा चिखल दिसणार नाही का. जमादारांनी पुन्हा विचारले की मग त्याच वेळी का बोलला नाहीत. त्या वेळी माझ्या पोटात त्यांचा दहीभात होता. याहून दुसरे कारण मला सांगता येत नाही.

त्या दिवशी देवमन रेस्टहाउसपुढे दिवस मावळेपर्यंत उभा होता. पाटील दुपारून आपल्या घोड्यावर तिथे आले, समितीपुढे बोलले व हिवरखेडीच्या बायांना चौदा आणे कबूल आहेत, कोणाची तक्रार नाही, असे सांगून गेले. देवमनने हे दाराबाहेरून आपल्या कानाने ऐकले. पंचफुला तिथे पोचलीच नाही. काल बुधवारी मी व देवमन डोहाकाठी गेलो. काठापर्यंत चाकाच्या खुणा आहेत, पुढे गाळ. आमच्याने आत उतरवले नाही. तो डोह सरकारने उपसून पाहावा, अशी माझी मागणी आहे. श्रावण कालपासून गावात नाही. पाटलांच्या तेल्हाऱ्याच्या सोयऱ्याकडे धाडला असे ऐकते.

अंगठ्यांचा कागद कोठे आहे असे मला तीन वेळा विचारण्यात आले. कागद माझ्याकडे आहे. तो मी ठाण्यात देणार नाही. समिती परवा शनिवारी अकोल्यास बसणार आहे, तिथे देईन व पंचफुलाला जे तोंडपाठ होते ते मला येते तसे सांगेन. चौदा आण्यांचा घास मी खाल्ला हेही तिथे सांगेन.

मी ठाण्यात येणार हे देवमनशिवाय कोणालाही सांगितले नव्हते. तरी हा जबाब चालू असताना फाटकापुढे पाटलांची दमणी येऊन उभी राहिली आहे. ती मला खिडकीतून दिसते. हाकणारा अनोळखी आहे. आत गादी नवीन आहे, निळी. शिपायाने आत येऊन सांगितले की पाटलांनी म्हातारीला घरी सोडायला दमणी पाठवली आहे, चार कोस पायी कशाला जाता. ती दमणी मी बोलावलेली नाही. तीत मी बसणार नाही.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, काही गाळलेले नाही. त्याखाली माझ्या सांगण्यावरून आणखी एवढे लिहिले आहे की, मैनाबाई गावंडे ही आज सायंकाळी पाच वाजता या ठाण्यातून देवमन तायडे याच्यासोबत धडधाकट, पायी, अकोल्याच्या रस्त्याने निघाली.

डाव्या हाताचा अंगठा, मैनाबाई.