प्रभारी बाई

...नाही, थांबा दादा, तिथंच थांबा. आधी तो 'दी' बघू द्या. दीर्घ काढलाय ना? हं, मग ठीक. आणि आडनावाआधी जरा जागा सोडा, मागच्या पेंटरनं दोन्ही शब्द एकमेकांना चिकटवून ठेवले होते — साहेब तीन वर्षं तसेच चिकटलेले राहिले. मला इथं खाली उभं केलंय ते त्यासाठीच. क्लार्क म्हणाला, बाई, तुम्ही भाषेच्या, तुम्हीच लक्ष ठेवा, मुख्याध्यापकांच्या नावात चूक नको. आता यावर काय बोलणार? सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घच सांभाळतेय.

काय म्हणालात? नाही, माझं नाव नाही त्या मुख्याध्यापकांच्या यादीत. वरून खाली वाचा, खालून वर वाचा, सापडायचं नाही. तारखा जुळत नाहीत म्हणताय — बरोबर पकडलंत, इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दोन नावांच्या मधे चौदा महिने गायब आहेत. ते चौदा महिने मी आहे. शाळा काही बंद नव्हती हो — घंटा होत होती, पोरांचे गुडघे फुटत होते, पालक भांडायला येत होते, पाण्याची टाकी गळत होती, आणि या दाराच्या आत, त्या खुर्चीत मी बसत होते. पण मी प्रभारी. प्रभारी म्हणजे काय माहितीय? बसमध्ये जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात ना, तो रुमाल. खरा माणूस चढला की रुमाल उचलायचा. रुमालाचं नाव फलकावर कोण लिहितं?

आमच्याकडे साठ शिक्षक आणि पुढं सरकायच्या जागा दोन — एक पर्यवेक्षकाची, एक मुख्याध्यापकाची. संपलं. माझी धाकटी बहीण बँकेत आहे, माझ्यामागून लागली, तीन बढत्या झाल्या तिच्या, आता हाताखाली वीस माणसं — आणि पत्र लिहायचं झालं की अजून मला फोन करते, ताई, 'नियुक्ती'तला 'नि' कुठला गं? सांगते मी. माझी नियुक्ती झाली तेव्हा मी सहशिक्षिका, आज सहशिक्षिका, घरी जाईन तेव्हाही सहशिक्षिकाच. सव्वीस वर्षं कुणाच्या सह, ते मात्र अजून कळलं नाही.

आणि हे आता जे येतायत, तुम्ही ज्यांचा 'दी' काढलात — ते माझ्याच वर्गावर शिकाऊ म्हणून आले होते. सातवीचा तास. चाळीस मिनिटांचा धडा पंधराव्या मिनिटाला संपला, मग पोरांना म्हणाले, आता शांत बसा. पंचवीस मिनिटं सगळे शांत. मी शेवटच्या बाकावर बसून शेरा लिहिला, 'प्रयत्न समाधानकारक'. दया आली म्हणून लिहिला. आता ते माझ्यावर शेरा लिहिणार. मुलाखतीत संस्थेचे लोक मला काय म्हणाले ऐकायचंय? पाच जण समोर बसलेले. म्हणाले, बाई, तुम्ही इतकं सुंदर शिकवता, तुम्हाला ऑफिसात कोंडून मुलांचं नुकसान का करायचं? आणि पाचही जणांनी माना डोलावल्या. म्हणजे चांगलं शिकवते म्हणून नाही. वाईट शिकवत असते तर? तर वाईट शिकवते म्हणून नाही. कुठूनही फिरून आलं तरी दार बंदच.

नाही, हळू कशाला बोलू, ऐकू दे त्यांना. ज्येष्ठता यादीत पहिली होते मी, प्रभारी होते तेव्हाही. पहिली. म्हणजे — झाले होते. आमचे गणिताचे सर माझ्याआधी चार महिने लागले होते, पण त्यांचे सुरुवातीचे सहा महिने यादीत धरायचेच राहून गेले, म्हणून मी वर. म्हणून तर प्रभार माझ्याकडे आला. मग सरांनी दुरुस्तीचा अर्ज केला. कुणाकडे म्हणजे? माझ्याकडेच की — खुर्चीत मीच होते ना. सही करायची आणि संस्थेकडे पाठवायचा, एवढंच काम होतं. एक सही.

छे, फाडीन कशी, काय बोलता तुम्ही. ठेवला. टेबलाच्या डाव्या खणात, त्यावर जुने हजेरीपट. महिनाअखेरची मुदत होती. सर दोनदा विचारून गेले, दाराशीच उभे राहून — बाई, आपलं झालं का काही? मी म्हटलं, वरून यायचंय अजून. पाठवलंच नव्हतं तर वरून काय येणार होतं? पण शब्द असा निवडला की खोटं बोलले असं कुणाला म्हणता येऊ नये. भाषेची बाई आहे ना. मुदत टळली. आणि एवढं करून संस्थेनं त्या वेळी बाहेरचाच माणूस आणून बसवला, माझ्या तोंडाला पानं पुसली. सरांनाही दिलं नसतंच त्यांनी, सरांचे सहा महिने धरले असते तरी दिलं नसतं — मग मी ते केलं कशासाठी? सांगा ना. नाही, तुम्ही काय सांगणार.

सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, बाईंना त्या खुर्चीत कायमचं बसलेलं बघायची फार इच्छा होती, तेवढी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. मग व्यासपीठावरून उतरून माझ्यापाशी आले, अगदी जवळ, आणि हळूच म्हणाले — बाई, तो डावा खण कधी आवरलात तर माझा अर्ज मला द्या, अक्षर चांगलं आलं होतं त्यात. हसून म्हणाले हो. रागावले असते तर मीही चार शब्द बोलले असते. त्यांना खण कसा कळला, कधीपासून कळला होता, मी विचारलं नाही. आणि अर्ज —

तुम्ही हात का थांबवलात? माझ्याकडे काय बघताय? शेवटचं अक्षर राहिलंय, ते काढा, उतरा खाली आणि शिडी घ्या बाजूला. मधली सुट्टी होतेय, पोरं येतील धावत.