दोन रेघा

—नाही नाही, नाव नकोच मला. इथे नाव विचारायचंच नसतं. बस त्या खुर्चीवर. पुडी ठेव, कागदासकट. काडीच्या टोकावर मावेल एवढंच घेणार मी, बाकी तुझं तुला परत— पोलीस? छे रे, पोलीस कशाला येतील चर्चच्या तळघरात? मंगळवारी-शुक्रवारी इथे दोनच गोष्टी असतात, घेवड्याचं सूप आणि हे माझं टेबल. हं. हे असं पाण्यात ढवळायचं, पट्टी बुडवायची, आणि थांबायचं. एक रेघ उमटली तर फेंटानिल आहे, म्हणजे कणभरातही श्वास बंद पाडणारं ते विष, दोन उमटल्या तर नाही. उलटं वाटतं ना? सगळ्यांनाच वाटतं. आणि ही चिमूट या यंत्राखाली. हे उजेड टाकून सांगतं आत काय काय कालवलंय— साखर, भुलीचं औषध, काय वाट्टेल ते. सगळं सांगतं. म्हणजे... सगळं नाही सांगत.

काय म्हणालास? साफ आहे का? हे बघ, तो शब्द मी वापरत नाही. पूर्वी वापरायचे. एक बाई यायची इथे, डेल्फिया नावाची. म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वयंपाक करायची, तिथे ओल्या फरशीवर पडली, कंबर गेली. डॉक्टरने दुखण्यावर अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या, दोन वर्षं देतच राहिला, मग एक दिवस दवाखान्याला कुलूप. खाण बंद पडल्यावर या खोऱ्यात जे जे होतं त्याला कुलूपच लागत गेलं म्हणा. गोळ्या गेल्या, पुड्या आल्या. पण बाई हसरी. ओसरीवर बसवून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे केस कापायची. या यंत्राला टोस्टर म्हणायची. आत आली की पहिलं हेच— "काय गं वर्लीन, काय म्हणतोय तुझा टोस्टर?" तपासल्याशिवाय कधी घ्यायची नाही रे. दोनदा फेंटानिल निघालं, दोनदा माझ्यासमोर मोरीत ओतलं तिने. आईला वचन दिलं होतं ना आम्ही दोघींनी, की—

हो. आम्ही दोघींनी. बहीण माझी. धाकटी.

तर त्या शुक्रवारी दोन रेघा आल्या. स्वच्छ, ठसठशीत दोन रेघा. यंत्र म्हणालं नेहमीचाच माल, वर साखर आणि कॅफिन. मी म्हटलं, "साफ आहे गं." ती उठली, दारापाशी थांबली, म्हणाली, "बसतेस का जरा गाडीत माझ्यापाशी?" आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "साफ आहे म्हटलं ना! सात माणसं थांबलीत माझी." दुपारचे अडीच वाजले होते. नाकात मारून थांबलेला श्वास परत आणायचा तो फवारा माझ्या ड्रॉवरमध्ये, गाडी इथून चाळीस पावलांवर. चार वाजता एकजण सिगारेट ओढायला बाहेर गेला, त्याला ती दिसली. स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं. तोवर...

हे मी का सांगतेय तुला? कुणाला सांगत नाही मी हे. पाद्रीबाबांनासुद्धा नाही.

तिच्या पुडीतलं उरलेलं राज्याच्या लॅबला पाठवलं होतं. अकराव्या दिवशी कागद आला. नवंच काहीतरी होतं, फेंटानिलच्या वरताण, ही पट्टी ते ओळखतच नाही, आणि प्रमाण इतकं बारीक की यंत्रालाही दिसत नाही. मग आम्ही चिठ्ठ्या छापल्या, धुलाईच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, जिथे तिथे चिकटवल्या— एकटे घेऊ नका, दोन फवारे जवळ ठेवा. त्या महिन्यात चौघे वाचले. खरंच वाचले, त्यातल्या एकीने मला केक आणून दिला. काय करू मी त्या केकचं? नव्या पट्ट्याही आल्या नंतर, ही बघ, दुसऱ्या पेल्यातली. पण आता लोक म्हणतात आणखी तिसरंच काही आलंय. आम्ही पट्टी आणेपर्यंत माल बनवणारे पुढे गेलेले असतात. नेहमीच. वर्षभर मी लोकांच्या गाड्यांत बसले, तास-तास, त्यांचा श्वास मोजत. तिघांना परत ओढलं. त्यातला एक एप्रिलमध्ये गेलाच, स्वतःच्या न्हाणीत, दाराला आतून कडी. आता गुडघे साथ देत नाहीत, आणि खोटं कशाला बोलू, मनही देत नाही.

थांब. बघ. एकच रेघ. आहे, फेंटानिल आहे. नीट बघ, दुसरी कुठे दिसतेय का? मोरी ती समोर आहे—

परत दे म्हणतोस.

बरं. तुझी वस्तू. व्यसन सोडायच्या केंद्रात पाच आठवडे जागा नाही, हे मलाही माहितीये. हे दोन फवारे घे. दोन्ही घे! बायकोला शिकव कसा मारायचा... बायको नाही? मग शेजारी कुणी... हं. नको, आभार वगैरे नको मानूस माझे. ऊठ, निघ आता. जाताना बाहेरच्या बाईंना आत पाठव.