धुरपताची झाडवही

हॅलो? हॅलो… भंडारा? ललिता? मी मंदा वं, सानगडीच्या पोस्टातून! दोन घंटे झाले ट्रंक कॉल लावून…

नाही, शाळेत काही बरं नाही. अवं, ऐक तर! तुह्या ऑफिसातून तू आमच्या शाळेले झाडवह्या देल्ल्या होत्या ना… हो, त्याच. चौथीच्या पोरानं पहिलीच्या पोराले संगं न्याचं, झाडं दाखवाची, जे दिसलं ते खरं खरं लिहाचं. अकरा जोड्या, अकरा वह्या.

चौथीतल्या धुरपताच्या बापाले नेलं… तेजरामले वं! जंगलचा नाकेदार घेऊन गेला.

चुगली? कोणी नाही केली. वहीत होतं.

धुरपताच्या मोठ्या बहिणीचं लगन होतं. मांडवासाठी बापानं दोन साग तोडले. इकडं सगळेच तोडते, नाकेदारही त्याच मांडवात जेवून जाते… पण हिनं लिहून ठेवलं. "बाबानं दोन साग तोडले. मी अन् चिंधूनं झाडाची माफी मांगली." कुऱ्हाडीचं चित्र पण काढलं.

नाकेदाराच्या हाती कशी म्हणजे? शाळेच्या कार्यक्रमात मीच मांडल्या ना वह्या टेबलावर! पाहुणा म्हणून त्यालेच बोलावलं, पोरांले शाबासकी देईल म्हणून… हासत हासत वाचत होता. मंग म्हणते कसा, "बाई, हे तं लेखी आहे." वही घेऊनच गेला.

तुह्यावर नाही वं रागावून राहिली… माह्यावरच. त्या पानावर 'शाबास' म्याच लिहिलं होतं. लाल शाईनं.

सुटला, काल सुटला. पण घरच्यांनी पोरीले शाळेतून काढलं. हो, हो… गेली होती ना घरी. मायनं कवाड लावून घेतलं. धुरपता कवाडाआडून म्हणते, "बाई, मी खोटं लिहाले पाहिजे होतं का?"

समजावून सांगू? काय समजावू? तूच सांग ना!

काय? सोमवारी? तुहे साहेब वह्या पाहाले येऊन राहिले?

पाहू दे. भरल्या आहेत. आज तपासल्या म्या. उरलेल्या दहाही वह्यांत एकच ओळ, "आज काहीच दिसलं नाही."

हो… दहाही.

अन् चिंधू… धुरपताच्या जोडीतला, पहिलीतला. नवी वही देल्ली त्याले. लिहिता कुठं येते अजून! माह्यापाशी आला, म्हणते, "बाई, माह्या वहीत पण तेच लिहून द्या"…

देल्लं वं. लिहून देल्लं म्या.

ललिता? हॅलो?… हॅलो?