ओणीची ताटं

माझं माहेर गडहिंग्लजकडचं, आणि दिलं इकडं हुबळीला, दुर्गदबैलाच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात. दुकानात म्हणजे, हसू नका हो, दुकानदाराच्या घरात, पण काय सांगू तुम्हाला, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासनं मी दुकानातच, गिऱ्हाइकाच्या भांड्यांवर नावं घालायला. मराठी म्हणलं तर मराठी, कानडी म्हणलं तर कानडी. आता सून बसते, तिच्याकडं मशीन हाय, अक्षर सगळं एकसारखं येतंय, असो.

मग हुबळीतच, उणकलला घर बांधून आलो. इथं गल्लीत कुणाकडं कार्य झालं की दुसऱ्या दिवशी गटार तुंबलीच म्हणून समजा. थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे पेले, आणि एकदा आमच्या दारात गाय भाताच्या वासानं ते ताटच चावत उभी, मी ओढायला गेले तर मलाच शिंगं दाखवती. मला राग लौकर येतोय. त्या कार्यवाल्यांच्या दारात जाऊन बोलले चांगली, तर म्हणतात कसे, अक्का, एवढ्या माणसांची ताटं कोण घासायचं? म्हणलं ताटं मी देते, घासायचं तुम्ही.

दुकानात कडा दबलेली स्टीलची ताटं पडून होती, शंभरावर. आमच्या मालकांनी विचारलं, नाव कुणाचं घालायचं? म्हणलं ओणी घाला. कानडीत गल्लीला ओणी म्हणतात, तेवढंच. सगळ्या ताटांवर मी स्वतः टोच्यानं घातलं, आठ दिवस अंगठा सुजून बसला होता. कुणीही मागा, मोजून न्या, घासून आणा. बारशी झाली, सत्यनारायण झाले, गटार वाहती राहिली, मी आपली मिरवून घेत होते.

आणि मग ते झालं बघा. पलीकडच्या शिवक्काचे मालक वारले. तेराव्याला तिचा लेक ताटं मागायला आला, मी दिली, मला त्यात काय वाटलंच न्हाई. घासून परत आली, पुसून ठेवली, आणि चार दिवसांनी तीच ताटं गेली बारशाला. तिथं पानं वाढली, आणि माझीच जाऊ, माझीच हो, ताट उचलून म्हणती, ही तर शिवक्काच्या तेराव्यातली की! झालं. दोघी-तिघी उठल्या. बाळंतिणीची आई रडायला लागली. मेल्याच्या जेवणाचं ताट बारशात ठेवलं, अशी चूक कुणी करतं का, म्हणली.

त्यानंतर कुणी दार वाजवलं न्हाई. गटारीत परत पांढरी ताटं. मालक म्हणाले, दोन वाटण्या कर, शुभाची वेगळी, अशुभाची वेगळी. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण शिवक्काच आली, उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणली, अक्का, माझ्यापायी तुमची ताटं बाटली, मी मोडीत घालून येते. अय्यो, म्हणलं, एकपण ताट मोडीत जाणार न्हाई. नवरा गेला तो गेला, वर हे पण तिनंच उचलायचं? गल्लीतल्या सगळ्यांना शिव्या घातल्या मी त्या दिवशी. शिकलेली माणसं तुम्ही, म्हणलं, लाज वाटत न्हाई?

मग आमची सुनंदा आली, थोरली लेक, सातव्या महिन्यात. तिची आधीची दोन पोटातच गेली, तिसरं हे. डोहाळजेवण ठरलं, मी मालकांना गुपचूप सांगितलं, जेवणवाल्याकडनंच ताटं मागवा. सुनंदानं ऐकलं. म्हणली, आई, आपली ताटं कुठायत? म्हणलं गप बस, तुझ्या बाबतीत न्हाई. तर म्हणती, मग लोकांना कशाला शिव्या घातल्यास? त्यांच्या लेकी काय लेकी नव्हत्या?

जेवणवाल्याची ताटं नकोत म्हणून मालकांना सांगितलं.

ओणीची ताटं काढली. सुनंदा स्वतः जाऊन शिवक्काला घेऊन आली, ती ब्याड ब्याड करत होती, नको म्हणत होती, हिनं आपल्या शेजारी बसवलं. जावेनं बघितलं, गप जेवली, उठली न्हाई. तुम्हाला म्हणून सांगते, लिहायचं तर लिहा, वाढायच्या आधी आत जाऊन सुनंदाचं ताट मी दोनदा घासलं. धुतलेलंच होतं. तरी घासलं.

आता नववा लागलाय. आत झोपलीय ती, हळू बोला. डॉक्टरीणबाई सगळं बरं हाय म्हणतात. पण उद्या काय वाकडं झालं तर गल्ली ताटांवरच दोष घालणार, आणि मी? मी घालणार न्हाई असं म्हणते तुमच्यासमोर, पण मनाचा भरवसा कुणी द्यावा. आज सकाळी त्याच बारशावाल्या घरची आली होती, सासूचं वर्षश्राद्ध हाय, ताटं द्या म्हणली. खाली मान घालून उभी होती बिचारी. क्षणभर हात थांबला माझा, लेक आत, दिवस भरत आलेले, आणि श्राद्धाला ताटं. मग मोजून दिली. सगळ्यांची लेकरंबाळं सुखरूप असू देत, माझी पण.