गाव विचारल्याशिवाय पिशवी नाही

समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या रक्तपेढीचे अध्यक्ष माननीय डॉ. दिग्विजय शेंडगे सर, व्यासपीठावरचे सन्माननीय विश्वस्त, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती चनबसप्पा बिराजदार, म्हणजे आपले अप्पा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू, आणि समोर जमलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मी पायल, संगणक विभागातली. 'दोनच शब्द बोला, पण गोड बोला,' असं मला बजावलंय. गोड भाषण लिहून आणलं होतं, पण तो कागद पर्समध्येच राहू दे.

अप्पा छत्तीस वर्षं आपल्या खिडकीवर बसले, जिथून रक्ताची पिशवी नातेवाइकाच्या हातात जाते तिथे. कोणीही येवो, अप्पांचं एकच. "पेशंटचं नाव सांगा. गाव सांगा." एकदा सख्खे मेहुणे आले, तर त्यांनाही गाव विचारलं. काकू हसतायत, म्हणजे खरं आहे. आपण काय कमी चेष्टा केली? 'अप्पा, सोयरीक जमवताय का?' असं मीच विचारलं होतं.

आता फळ्यावर सूचना लागलीय. उद्यापासून खिडकीवर नाव-गाव विचारायचं नाही, स्क्रीनवर सगळं दिसतं, वेळ वाचेल. अप्पांनी मीटिंगमध्ये विरोध केला, तर सगळे म्हणाले, जुनी सवय आहे. मीही तिथेच होते. गप्प बसले होते. का गप्प बसले, ते आज सांगते. सर, जरा वेळ घेईन.

गेल्या मार्गशीर्षात मी नवा रिपोर्ट केला. दिवसभराच्या पेशंटची एक मोठी यादी. तिच्यात प्रत्येक नावाखाली त्या पेशंटचा छोटा रिपोर्ट बसवलेला. त्या छोट्या रिपोर्टात पिशवीचा नंबर निळ्या अक्षरांत. त्यावर क्लिक केलं, की ते रक्त त्या पेशंटला जुळतं की नाही, ते सांगणारं पान उघडायचं. छोटा रिपोर्ट एकटा चालवला की लिंक झकास चालायची. मोठ्यात बसवला की ढिम्म. चार दिवस मी त्या लिंकपायी हैराण झाले. पाचव्या दिवशी चालली, तेव्हा मी खुर्चीतून उडालेच.

आणि तपासायला दिवस कुठला निवडावा? अवसेचा! काम कमी असतं म्हणून. आपल्याकडे अवसेला ठरवून ऑपरेशन कोण करून घेतं? यादीत एकच पेशंट होता. दहा वेळा क्लिक केलं, दहाही वेळा बरोबर पान उघडलं. अहो, घरात एकच माणूस असेल तर हाकेला दुसरं कोण ओ देणार? पण हे तेव्हा सुचलं नाही. 'तपासले' असं लिहून मी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी यादीत चौदा पेशंट. कुणाच्याही ओळीवर क्लिक करा, पान उघडायचं ते पहिल्याच पेशंटचं. प्रत्येक ओळीनं आपला पेशंट क्रमांक लिंकला द्यायचा असतो, तेच माझ्याकडून राहून गेलं होतं. पहिल्या होत्या वळसंगच्या केराबाई. त्यांचं रक्त जुळत होतं. म्हणून चौदाही जणांना मोठ्या हिरव्या अक्षरांत 'जुळते'. आणि नाव-गाव? ते मी पानाच्या तळाला बारीक टाकलेलं. पान सुटसुटीत दिसावं म्हणून!

साडेअकराला खिडकीवर केमचा धनाजी आला. बायको सोनम बाळंत झालेली, रक्तस्राव थांबत नव्हता. अप्पांनी नाव विचारलं, गाव विचारलं. तो ओरडला, "आवो, चिठ्ठीवर लिवलंय की! सोनम, केम! बायकू मरायला लागलीया माजी, आन् तुमी गाव काय इचारताय?" मागची रांगही ओरडायला लागली. खरं सांगते, मलाही अप्पांचा राग आला. अप्पा मात्र बोट स्क्रीनवरून खाली खाली नेत होते. तळाला लिहिलं होतं, वळसंग. त्यांनी हळूच हाक मारली, "पायल, हितं ये की जरा."

लॅबची वही काढली. सोनमची पिशवी जुळत नव्हती. ती चढली असती तर काय झालं असतं, ते समोर बसलेल्या डॉक्टरांना मी सांगायला नको. दुसरी पिशवी तपासून दिली. सोनम वाचली.

पण त्या दिवशी अप्पा अकराला आले होते. तोवर खिडकीवर सिद्धू होता. 'विचारपूस कशाला, स्क्रीन बघ,' असं त्याला मीच शिकवलेलं. त्यानं पाच पिशव्या दिल्या होत्या. वहीत पाहिलं, चार जुळत होत्या. पाचवीची तपासणीच पुरी झालेली नव्हती. त्या हॉस्पिटलला फोन लावला, कुणी उचलेना. अप्पांनी स्कूटर काढली. नव्या पेठेतली ती गर्दी, मी मागे बसलेली. तोंडात देवाचं नाव येत नव्हतं, फक्त पिशवीचा नंबर येत होता. वॉर्डात पोचलो तेव्हा पिशवी स्टँडला टांगलेली आणि सिस्टरच्या हातात नळी. अप्पा दारातूनच ओरडले, "सिस्टर, हात काढा!" दुपारी तपासणी झाली, तेही रक्त जुळलं. नशीब त्या पेशंटचं. माझं त्यात काही कर्तृत्व नव्हतं.

लिंक मी दोन दिवसांत दुरुस्त केली. दोन पेशंट, चाळीस पेशंट, एकाच नावाचे दोघं, सगळं घालून पाहिलं. अप्पांनी वहीत 'संगणक बंद, हाताने तपासणी' एवढंच लिहिलं आणि मला म्हणाले, "सरांना तूच सांगायचं. पण मी जायच्या आत सांग." आठ महिने मी 'उद्या सांगते' म्हणत राहिले. नोकरी जाईल याची लई भीती वाटत होती. अजूनही वाटतेय. आज सकाळी चहा घेताना अप्पांनी एवढंच विचारलं, "उद्यापासनं गाव कोन इचारनार गं?"

म्हणून सर, फळ्यावरची ती सूचना आजच काढा. माझं काय करायचं ते नंतर ठरवा. या पाकिटात मी सगळं लेखी दिलंय. लिंक आता बरोबर चालते, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण सर, त्या अवसेलाही मी असंच सांगितलं होतं.

अप्पा, काकू, सुखात राहा. संयोजकांनी बोलायची संधी दिली, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सर्वांची आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पाकिटातली चूक मात्र पोटात घालू नका. नमस्कार.